उरलेले बारा

आमच्याकडे वर्षाला तेरावा महिना असतो,
पाच दिवसांचा. पाग्मे.
बाकीचे बारा तीस-तीस दिवसांचे, काटेकोर,
आणि मग हे पाच, हिशेबातून सांडलेले.
या दिवसांचा पगार कुणी देत नाही.

माझा धंदाही असाच, तिसापर्यंतचा.
शर्यतीत मी पुढे पळतो, ठरवून दिलेल्या वेगाने.
पाठीमागे सात-आठ जणांचे श्वास,
वारा आधी माझ्या छातीवर, मग त्यांच्या.
तिसाव्या किलोमीटरला हात वर करून बाजूला होतो.
कुणीतरी खांद्यावर ब्लँकेट टाकतं.
ते वळणावर दिसेनासे होतात.

बारा गावचं पाणी प्यायलोय,
पण एकाही गावाची फीत पाहिलेली नाही.
फीत असते, असं ऐकून आहे.
एतफराहू विचारते, मग तू तिथे नक्की करतोस काय?
सगळ्यांच्या पुढे पळतो.
म्हणजे पहिला?
हो, म्हणतो मी, बराच वेळ.

यंदा अयालिन्य जिंकला.
विमानतळावर त्याने मिठी मारली तेव्हा
त्याचं पदक माझ्या बरगडीला टोचलं.
थंड होतं.
माझ्या वाटणीच्या पैशांत घरावर नवे पत्रे आले,
आणि रात्री त्यांच्यावर पाऊस वाजतो
तेव्हा मला ती पावलं ऐकू येतात, मागची.

पुढे पळणाऱ्याला वळून बघता येत नाही.
आहेत, असं धरून चालावं लागतं.
माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच,
पाठीकडे तोंड करून बसलेली.
पाद्री म्हणतात, देव आपल्या पुढे चालतो.
मी त्यांना एकदा विचारलं, कितव्या किलोमीटरपर्यंत?
ते इतके हसले की त्यांना खोकला लागला.
उत्तर राहूनच गेलं.

परवा पाग्मेची तीन, रुफाएलचा दिवस.
त्या दिवशीचं पावसाचं पाणी आशीर्वादाचं.
गल्लीतली पोरं परातीखाली, नळकांड्यांखाली नाचत होती.
सोस्नाने कपभर आणून
माझ्या उजव्या गुडघ्यावर ओतलं, न विचारता.
डाव्याला का नाही?
तो दुखत नाही ना, म्हणाली.

आज पाच. उद्या नवं साल.
अंधारातच एन्तोतोच्या चढाला लागलो,
उरलेले बारा पळायला.
वसंतातले तीस अजून पायांत होते.
निलगिरीचा वास, धुकं, दूर कुठेतरी तरस,
आणि मागे कुणीच नाही.
तेच जड गेलं.
सातव्याच्या आसपास माझेच पाय मला परके वाटले,
नवव्याला मी मोठ्याने नावं घेत होतो:
आईचं, गुरूंचं, बूट पाठवणाऱ्या त्या म्हाताऱ्या परदेशी बाईचं,
ज्यांच्यासाठी वारा अडवला त्या सगळ्यांची,
काहींची आडनावं आठवेनात.
रस्त्याकडेला पिवळी अदे फुलं आली होती, ओली.

बारा झाले. वर ते सुटे शंभर पंच्याण्णव मीटर
मी मारियमच्या देवळाच्या दारापर्यंत धरले.
वाटेत दोर आडवा पडलेला.
थांब, अडकशील! ओरडली मोळीवाली,
आणि मी छाती पुढे काढलेला
तसाच थबकलो, दोन्ही हात हवेत.
पांढरा नव्हता. निळा, नायलॉनचा, तीन ठिकाणी गाठी.
तिने तो ओढून घेतला,
मी दाराच्या दगडाला कपाळ टेकवलं. गार.

वाजले किती? तिने विचारलं.
घड्याळ चालू करायला मी विसरलोच होतो.
आमच्या घड्याळात सूर्य उगवतो तेव्हा बारा वाजतात.
पुबेकडे बघून म्हणालो,
बारा वाजत आले, अस्काले.
माझं नाव कसं ठाऊक?
रोज तुला ओलांडून जातो मी.

मोळी तिच्या पाठीवर चढवून दिली.
एवढी जड, की माझेच गुडघे वाकले.
उतारावर ती पुढे, मी मागे.
वारा तिच्या लाकडांवर आपटत होता,
माझ्यापर्यंत पोचत नव्हता.